मकबूलभाईंचा टारफुला

मकबूलभाईंविषयी चांगलं लिहायला मला जड जातं आणि वाईट लिहायला जागा सापडत नाही. हा माझा जुना त्रास आहे. म्हणून आधीच सांगून मोकळा होतो: आम्ही नऊ वर्षं एका छपराखाली काम केलं आणि त्यातली साडेआठ वर्षं मी या माणसावर जळत होतो. उरलेले सहा महिने मी नवीन होतो, त्यांची नीट ओळख व्हायची होती.

पाटोद्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचा बियाणे-खताचा सहकारी संघ होता. आसपासच्या गावांनी वर्गणी काढून उभा केलेला. मागे पत्र्याचं गोदाम, पुढे तीन खोल्या. आता तो नाही. मी तिथे कृषी पर्यवेक्षक होतो. घरची पिढ्यान्‌पिढ्यांची शेती, शेतकी कॉलेजची पदवी, ती पदवी फ्रेम करून भिंतीवर आणि टेबलावर काच. मकबूलभाई गोदामपाल. शिक्षण मॅट्रिक, तेही दुसऱ्या खेपेला. वडील बाजारात केळी आणि पपया विकायचे. बांधावरून चालताना यांचा पाय घसरायचा, बैल दिसला की हे रस्ता बदलायचे. आणि शेतकरी आला की माझ्या दारावरून सरळ पुढे जाऊन गोदामाच्या पायरीवर बसायचा. मी काचेवरचे कागद उगीच सारखे करत असायचो. कुणी चुकून आत डोकावलाच तर विचारायचा, "साहेब, भाई कुठं गेलेत?"

दिसायला काटकुळे, कान मोठे, खांद्यावर बारमाही एक ओला पंचा. तो ओला असायचं कारण म्हणजे त्यांची गोणपाटं. संघात बियाण्याचं पोतं आलं की त्यातले शंभर दाणे मोजून ते ओल्या गोणपाटावर मांडायचे, गुंडाळी करायचे आणि चार-पाच दिवस त्यावर पाणी शिंपडत राहायचे. किती उगवले ते मोजल्याशिवाय पोतं गोदामाबाहेर जात नसे. सरकारी शिक्का असलेलं पोतंसुद्धा नाही. कुणी घाई केली की त्यांचा एक शब्द ठरलेला होता, "थांब." समोर चेअरमन असले तर "थांबा." एकदा एका तालेवार माणसानं जीपमधून उतरून आवाज चढवला, तर भाई गुंडाळीवरून मान वर न करता म्हणाले, "बी काय तुमचा नोकर हाय का, हाक मारली की उठायला? चार दिसांनी या."

दुर्गुणही होते, नव्हते असं नाही. मी ते सवडीनं गोळा केले आहेत. दुसऱ्याचा चहा प्यायचे, स्वतःचा पाजायचे नाहीत. चटकन चिडायचे. आपलं खरं ठरलं की "सांगितलं हुतं का न्हाई?" हे वाक्य निदान तीनदा म्हणायचे, आणि चौथ्यांदा तुम्ही म्हणावं म्हणून वाट बघायचे. त्यांचे मेहुणे घड्याळं दुरुस्त करत. त्यांच्याकडून मागून आणलेलं एक डोळ्याला लावायचं भिंग भाई सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवत आणि कुणालाही देत नसत. एवढ्यावर माणूस वाईट ठरत नाही, हे मलाही कळतं.

आता टारफुल्याचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय भाई कळायचे नाहीत. टारफुला म्हणजे ज्वारीच्या बुडाशी उगवणारं वीतभर तण, नाजूक, वर पांढरी फुलं. दिसायला गरीब. पण ते स्वतःच्या मुळावर जगत नाही. मातीखाली ज्वारीच्या मुळाला तोंड लावतं आणि तिथून पितं. वर दिसायच्या आधी महिनाभर त्यानं आपलं काम केलेलं असतं. ज्वारी पिवळी पडते, भर पावसात तहानल्यासारखी मान टाकते, आणि शेतकऱ्याला वाटतं की जमीन उतरली. बी तर असं बारीक की चिमटीत तपकीर धरल्यासारखं वाटावं. एका झाडाला हजारोंनी. ते मातीत पडलं की वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं, कुजतही नाही आणि उगवतही नाही.

भाईंना हे काही माहीत नव्हतं. गयाबाई नावाची एक शेतकरीण होती, रस्त्याला लागून तिची तीन एकर जमीन, जिभेला धार. ती एक दिवस टारफुल्याची वाळकी झाडं घेऊन आली आणि पायरीवर आपटून म्हणाली, "भाई, समद्यांचं बी उगवून बघता, ह्या मेल्याचं बघा की! उपटून उपटून माझं कंबरडं मोडलं, ह्यो कुठनं येतोय?"

झालं. भाईंनी ते बी गोणपाटावर टाकलं. चार दिवस, आठ दिवस, महिना झाला तरी काही नाही. दुसऱ्या माणसानं ते झटकून टाकलं असतं. हे इरेला पेटले. उन्हात ठेवून बघितलं, सावलीत ठेवलं, शेणाच्या पाण्यात भिजवलं. मी जाता-येता टोमणे मारायचो, "काय भाई, लेक सासरी जाईना का?" ते हसायचे नाहीत. मग कधीतरी त्यांनी पंधरा दिवस ओलं ठेवलेल्या त्या बियाच्या शेजारी ज्वारीचे मोड आलेले दाणे मांडले. आणि तिसऱ्या दिवशी स्वतःहून माझ्या खोलीत आले. नऊ वर्षांत तेव्हा पहिल्यांदा त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं.

मी बघितलं. ज्वारीचं मूळ जिथे पोचलं होतं तिथल्या त्या तपकिरीच्या कणांना पांढरी, केसाहून बारीक शेपटं फुटली होती आणि ती मुळाच्या दिशेनं होती. जिथे मूळ नव्हतं तिथे सगळं जसंच्या तसं.

"झोपलेलं न्हाई ते, साहेब," भाई कुजबुजले. "ऐकत बसलंय. ज्वारीचं मूळ जवळ आल्याबिगर उठतच न्हाई. आन्‌ त्याच्या आधी पंधरा दिस ओल लागती. कोरडं आसलं तर ज्वारीनं किती बी हाका मारू दे."

मी डोळ्यावरून भिंग काढेना. कारण हे सगळं आमच्या पुस्तकात होतं. मुळातून पाझरणारं द्रव्य, त्यानं जागं होणारं बी, सगळं एका परिच्छेदात. तो परिच्छेद मी परीक्षेला ऑप्शनला टाकला होता. मी भिंग परत केलं आणि शक्य तेवढ्या थंडपणे म्हणालो, "हे पुस्तकात आहे, भाई. नवीन काही नाही."

वाटलं, माणूस हिरमुसेल. तर त्यांचा चेहरा असा फुलला की विचारू नका. "पुस्तकात बी हाय? मंग खरंच हाय म्हणायचं! आजून काय लिव्हलंय त्यात?"

आणखी काय लिहिलंय ते मला आठवत नव्हतं. रात्री घरी जाऊन ट्रंकेतून पुस्तक काढावं लागलं. त्यात पुढे असं होतं की काही पिकांची मुळंही या बियाला जागं करतात, पण त्यांच्यावर ते जगू शकत नाही. उठतं, टेकायला मूळ मिळत नाही, आणि चार-पाच दिवसांत मरतं. कपाशी, तीळ, चवळी. मी हे त्यांना सांगितलं, काहीसं उपकार केल्यासारखं. भाईंनी ते नुसतं ऐकून घेतलं नाही. गोणपाटावर एकेक पीक लावून पडताळलं आणि मग गयाबाईला सांगितलं, "दोन सालं ज्वारी न्हाई. कपाशी लाव, मदी तीळ टाक. त्याला उठवायचं आन्‌ उपाशी ठिवायचं."

तिसऱ्या वर्षी गयाबाईच्या रानात ज्वारी डोक्याच्या वर गेली. टारफुला औषधाला नव्हता. लोक गाड्या थांबवून बघायचे. संघाच्या वार्षिक सभेत चेअरमननी भाईंना फेटा बांधला, आणि मोठ्या कानांवरून तो सारखा घसरत असतानाही माणूस रुबाबदार दिसत होता, याचंही मला वाईट वाटलं. पुस्तक माझं, परिच्छेद माझा, आणि फेटा त्यांना. मी टाळ्या वाजवल्या. शेजारच्याला शंका येऊ नये म्हणून जरा जास्तच वाजवल्या. त्या दिवसापासून गयाबाईचं रान रस्त्यावरून दिसलं की मी मान दुसरीकडे करायचो.

मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस आला नाही. विहिरींचे तळ दिसले, माणसं कारखान्यांकडे ऊसतोडीला गेली ती तिकडेच राहिली. संघानं गुरांची छावणी उघडली. कडबा आमच्याकडे कुठला? तो परमुलखातून परळीच्या स्टेशनात उतरायचा आणि तिथून ट्रकनं यायचा. छावणीचा कारभार माझ्याकडे होता आणि मी तो चांगला केला, हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगितलेलं नाही. उन्हाळा संपत आला तेव्हा छावणीत शेणाचे आणि उरल्या-सुरल्या कडब्याचे ढीग साचले होते. मला कल्पना सुचली की हे खत शेतकऱ्यांना फुकट वाटावं. दोन वर्षं उपाशी राहिलेल्या जमिनी, मृग तोंडावर, वर संघाचं नाव. चेअरमन खूश झाले. पहिल्यांदाच लोक माझ्या दारात थांबू लागले.

दोन दिवसांनी भाई आले. हातात छावणीतल्या कडब्यातून वेचलेली दोन वाळकी काडकं होती. त्यांनी टेबलावरच्या काचेवर कागद पसरला आणि काडकं त्यावर झटकली. तपकिरी भुकटी पडली.

"तपकीर ओढायला लागलात का, भाई?" मी म्हणालो.

"टारफुला हाय ह्यो. कडब्याबरूबर आलाय. गुरांनी खाल्ला, शेणात उतरला, ढिगात बी आसंल. वीस दिस थांबा साहेब, मी उगवून बघतो. न्हाईतर सालभर कुजवा. न्हाईतर कपाशीला द्या, ज्वारीला नका देऊ."

त्यांचं बरोबर आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. 'कदाचित' वगैरे काही नाही, पूर्ण कळलं होतं. कागदावर मी ते बी डोळ्यांनी बघत होतो. पण दोन वर्षांच्या दुष्काळानंतर पोटाला ज्वारी आणि गुरांना कडबा सोडून कपाशी कोण लावणार? आणि माझं एकुलतं एक चांगलं काम या माणसाच्या गोणपाटावर वीस दिवस पडून राहणार, मग तो उठून "सांगितलं हुतं का न्हाई" म्हणणार. हे मला सोसवेना. मी म्हणालो, "बघू." आणि दुसऱ्या दिवशी त्यांना बियाण्याची पोती उतरवून घ्यायला परळीला पाठवून दिलं. दोन दिवसांचं काम होतं, पण मालगाडीच्या वाघिणी उशिरा आल्या आणि ते आठ दिवस तिकडेच अडकले.

पहिली ट्रॉली मी गयाबाईच्या रानात पाठवली. स्वतः बरोबर गेलो. का, तेही सांगतो. रस्त्याकडचं रान, लोकांची नजर असलेलं. तिथली ज्वारी या साली माझ्या खतावर यावी असं मला वाटत होतं.

गयाबाईनं ट्रॉलीला हात करून थांबवलं. "साहेब, भाईनं बघितलंय का ह्ये?"

"बघितलंय," मी म्हणालो.

तेवढाच एक शब्द. तो म्हणताना जीभ अडखळली नाही, घाम आला नाही. ट्रॉली आत गेली. मागोमाग आणखी वीस-बावीस रानांत गेल्या. त्या आठवड्यात पाऊस झाला, ओल चांगली धरली, आणि लोकांनी पेरून घेतलं. भाई परत आले तेव्हा सरळ माझ्या दारात उभे राहिले. "पेरलं?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "पेरलं." ते गोदामाच्या पायरीवर जाऊन बसले. दुष्काळातून उठलेल्या माणसाला उगवलेलं पीक मोडून टाका, असं सांगणार कोण?

ज्वारी आधी बरी दिसली. मग पिवळी पडली. मग एका सकाळी गयाबाईच्या रानात ज्वारीच्या ओळीओळीत, तासातासाला पांढरी फुलं उभी होती, आणि तिच्यासारखीच बाकीच्या रानांत. लोक संघाच्या अंगणात जमले. ऐन दुपार, सावली एवढीशी, आणि प्रत्येकाच्या हातात उपटलेला टारफुला. चेअरमन खुर्चीत, मी शेजारी फाईल घेऊन, भाई गोदामाच्या दाराशी उभे.

गयाबाई सगळ्यांच्या पुढे होती. ती माझ्याकडे नाही, भाईंकडे वळली. "भाई, कावून केलं आसं? तुमी बघितलंय म्हणून मी ट्रॉली आत घेतली. दुसऱ्या कुणाच्या शब्दावर मी घेतली नसती."

भाईंना हे नवीन होतं. त्यांचे कान लाल झालेले मला लांबून दिसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर सोपं झालं असतं. ते नुसते थांबले, गोणपाटासमोर थांबायचे तसेच, मला वेळ देत. मी फाईल उघडली. आत छावणीतल्या जनावरांची यादी होती, ती मी वाचायला लागलो. एक पान वाचलं, उलटलं.

"माझ्याच हातनं राहिलं," भाई म्हणाले. "बोला काय बोलायचं ते, पण नंतर. फुलं आल्यात. बी धरायच्या आत समदं उपटून जाळाय पायजे. हितं भांडत बसलो तर पुढची धा-पंधरा सालं गेली. चला उठा बे!"

आणि लोक उठले! शिव्या देत उठले, पण गेले. भाई त्यांच्याबरोबर गेले. संध्याकाळी परतले तेव्हा हात हिरवे-काळे झाले होते. अंगणात मी एकटाच होतो. मी विचारलं, "का बोललात तसं?"

"तुमी बोलाल म्हणून थांबलो," ते पंच्यानं हात पुसत म्हणाले. "तुमी बोलला न्हाई. कुणीतरी बोलल्याबिगर लोक रानाकडं गेलं नसतं."

उपकार केल्याचा सूर नव्हता, क्षमेचाही नव्हता. कामाची घाई होती म्हणून ते बोलले, बस. मला वाटलं होतं की निदान या एका बाबतीत तरी त्यांनी मला शत्रू मानलं असेल. तेवढाही मान मिळाला नाही.

चेअरमननी त्यांच्याकडून बियाणं तपासायचं काम काढून घेतलं आणि त्यांना रॉकेलच्या डेपोवर बसवलं. गोणपाटं माझ्या ताब्यात आली. मी ती दोन-तीन आठवडे ओली ठेवली, मग कंटाळलो. वर्षभरात मी केजला दुसऱ्या संस्थेत चांगल्या जागेवर गेलो. जाताना निरोपसमारंभ झाला, छावणीच्या कामाचा गौरव झाला. भाई मागच्या रांगेत बसले होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या, आणि मला खात्री आहे की त्या मोजक्याच होत्या.

त्यानंतर त्यांना मी एकदाच बघितलं. बरीच वर्षं मध्ये गेली होती. केजहून जीपनं पाटोद्याकडे निघालो होतो, खरिपाचे दिवस होते. गयाबाईच्या रानाशी नजर वळवायची सवय मोडली होती, म्हणून दिसले. ज्वारीच्या तासात एक म्हातारा वाकून चालला होता. कान तेवढे ओळखू आले. मी जीप थांबवली. का थांबवली ते मलाही सांगता येणार नाही.

गयाबाई बांधावर होती, पाठीत वाकलेली, जीभ तशीच. तिच्याकडून कळलं की रॉकेलचा डेपो बंद झाला, संघही उठला, पण भाई दरसाल येतात. खत गेलं होतं त्या सगळ्या रानांत जातात. कुठे कपाशी लावायला लावतात, कुठे तीळ, कुठे ज्वारी दाट पेरून टारफुल्याला फुलं यायच्या आत ती मोडायला लावतात. उरलेला टारफुला हातानं उपटतात. घेतात काहीच नाहीत. तिनं जेवायचा आग्रह केला तरी डबा घरून आणतात.

भाई तासातून बाहेर आले. त्यांच्या हातात ज्वारीचं एक धाट होतं, मुळासकट अलगद उपटलेलं, माती पाण्यानं धुतलेली. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

"बरं झालं आलात, साहेब. मला आता दिसत न्हाई नीट. तुमी बघा."

मी धाट हातात घेतलं. मुळं पसरून, एकेक तंतू बोटांवर घेऊन बघितली. पांढरी, ओली, सरळ होती. त्यांना कुठेही काही चिकटलेलं नव्हतं.

गयाबाई मला सांगत होती, पण मोठ्यानं, त्यांना ऐकू जावं म्हणून. "चूक झाली आसंल भाईच्या हातनं, पण निस्तरावं तर आसं. आता मी म्हणते, सोडा की ते. किती सालं हातापायाची माती करून घ्यायची? साहेब, तुमी तरी सांगा ह्यांला."

भाई माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. डोळ्यांना नीट दिसत नसलं तरी चेहरा माझ्याकडेच होता. घाई नव्हती त्यांना. बाई तिथेच होती, सांगायचं ते तिलाच सांगायचं होतं आणि 'भाईंनी नको म्हटलं होतं' एवढं एकच वाक्य पुरलं असतं. तिचा राग मी सोसला असता. पण ते वाक्य तोंडाशी आलं तेव्हा मला भलतीच भीती वाटली. मी बोललो असतो तर इतक्या वर्षांचं हे सगळं उपटणं गयाबाईच्या लेखी चुकीची भरपाई राहिलं नसतं. ते काय झालं असतं आणि भाई तिच्या नजरेत कुठे जाऊन बसले असते, ते मला दिसत होतं. एक फेटा मी बघितला होता, दुसरा मला बघवला नसता.

"मुळं स्वच्छ आहेत," मी म्हणालो.

भाईंनी आणखी थोडा वेळ वाट बघितली. मग मान हलवली, धाट माझ्या हातातून काढून घेतलं आणि वाकून पुढच्या तासाला गेले.